फेविकॉल-दोरा न वापरता पानाफुलांची तात्पुरती कलाकृती कशी करायची?

रंगापासून सुरुवात करा, आकार नंतर सुचतो. थंडी सरताना देशी बदामाखाली गेलात तर एकाच झाडाची हिरवी, पिवळी, शेंदरी, लालभडक पानं पडलेली सापडतात. ती रंगाच्या क्रमाने लावत गेलं की साध्या मातीवरही पट्टा उठून दिसतो. पानाला पान जोडायला बाभळीचा काटा: पानं थोडी एकावर एक ठेवायची, काटा टाक्यासारखा खालून वर आणि पुन्हा खाली घालायचा. पान किंचित ओलसर हवं, वाळकं लगेच चिरतं.

स्कॉटलंडमध्ये राहणारे अँडी गोल्ड्सवर्दी यात दादा माणूस. पानं काट्यांनी टाचणं, बर्फाचे तुकडे पाण्याने चिकटवणं, असली कामं ते करतात. बरीचशी टिकत नाहीत, म्हणून फोटो काढून ठेवतात. तुम्हीही काढा, पण सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी रंग फिके येतात. शिवाय उन्हात पारिजातकाची फुलं बघता बघता मलूल होतात, ती वापरायची तर सकाळीच उरका.

पडलेलंच उचला, तोडू नका. मुलं बरोबर असतील तर रुईचा चीक, कण्हेर आणि खाजकुइलीच्या शेंगा यांपासून लांब. दगड उचलताना खाली विंचू असू शकतो, आधी काठीने हलवून बघा. अभयारण्यात मात्र हा उद्योग नकोच, तिथून काही उचलायला परवानगी नसते. सोसायटीची बाग पुरेशी आहे, फक्त झाडूवाल्या मावशी येऊन गेल्यावर जाऊ नका!