विनयभंग : विनय नेमका कोणाचा?

प्रश्न : 'बसमध्ये तरुणीचा विनयभंग' अशी बातमी वाचली. विनय म्हणजे नम्रता ना? मग वाईट वागला तो आणि भंग तिच्या नम्रतेचा, हे कसं? शिवाय विनयभंग आणि छेडछाड यांत फरक काय?

छेडछाडीचं नंतर बघू. आधी ती 'नम्रता' खाली ठेवा, ऐकून ऐकून कान किटले. शाळेत 'विद्या विनयेन शोभते' घोकून घेतात, तेव्हापासून विनय म्हणजे मान खाली घालून उभं राहणं असं डोक्यात बसलेलं. शब्दात मान कुठेच नाही. वि + नी. नी म्हणजे नेणं. नेता आणि नीती तिथलेच. विनय म्हणजे वळण लावणं, आणि लागलेलं वळणही. अमरकोशात घोड्यांचे प्रकार सांगताना येतं : 'विनीताः साधुवाहिनः'. नीट चालणारा, शिकवून तयार केलेला घोडा तो विनीत. आता घोडा काय नम्र असतो?

बौद्ध भिक्खूंच्या नियमांना विनय म्हणतात ते याच अर्थानं. त्यात एक नियम असा : भिक्खूनं विकारी मनानं बाईचा हात धरला, वेणी धरली, कुठल्याही अवयवाला स्पर्श केला, तर तो संघादिसेस, म्हणजे संघापुढे प्रायश्चित्त घ्यावं लागणारा गंभीर दोष. 'मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य' असं लिहिणाऱ्या आपल्या फिर्यादींत तपशील असेच असतात. पण तिथे मोडतो तो भिक्खूचा विनय. बाईचं काहीच मोडत नाही!

आणि माझा लाडका पुरावा शाकुंतलाच्या पहिल्या अंकात. भुंगा शकुंतलेला सतावतोय, दुष्यंत आडोशातून पुढे येऊन गरजतो : 'अयमाचरत्यविनयं मुग्धासु तपस्विकन्यासु', भोळ्या तपस्विकन्यांशी हा कोण अविनय करतोय? अविनय करणाऱ्याचा. त्याच श्लोकात अशांना 'दुर्विनीत' म्हटलंय, म्हणजे वळण नसलेले. (बोलणारा स्वतः इतका वेळ झाडाआडून त्याच मुलींकडे टक लावून होता, ते सोडा.)

घोळ घातला तो भाषांतरानं. 1860च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 354मध्ये, म्हणजे याच गुन्ह्याच्या कलमात, 'मॉडेस्टी' होती : बाईची शालीनता. हिंदीवाल्यांनी 'लज्जा' घेतली, आपण 'विनय' उचलला आणि तिच्या गळ्यात बांधला. मूळ कल्पनाच तिच्या अंगाची असली की काय होतं पाहा. पंजाबातल्या एका खटल्यात मुलगी साडेसात महिन्यांची होती, आणि वाद कशावर? एवढ्या तान्ह्या जिवाला 'मॉडेस्टी' असते का यावर! उच्च न्यायालयानं बहुमतानं नाही म्हटलं. 1966 साली सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं, तेही एकमतानं नव्हे. विनय त्याचा होता का, एवढंच विचारलं असतं तर वाद पहिल्याच दिवशी मिटला असता.

संस्कृतचे एक जाणकार स्नेही मला सुनावतात : मानभंग, तपोभंग, तसाच विनयभंग; ज्याला इजा, भंग त्याचाच. बरं. मग पोरानं शिस्तभंग केला की शिस्त काय हेडमास्तरांची मोडते? यावर ते अजून चहाच पितायत.

2013च्या दुरुस्तीनं या कलमाची शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती ती किमान एक, कमाल पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीत 'पाठलाग' हा वेगळा गुन्हा आला. बघा, किती स्वच्छ शब्द! पाठलाग करतो तो, आणि नावही त्याच्याच करणीचं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, 354चं 74 झालं. 'मॉडेस्टी' होती तिथेच आहे. मी तरी 'त्याने तिच्याशी अविनय केला' असंच लिहितो. संपादक दर वेळी बदलतात.

हां, छेडछाड. तो हिंदीतून आलेला बातमीचा शब्द, संहितेत नाही. मराठीत छेड काढतात. आणि सतारीची तारही छेडतात, पण ते सुरू केलं तर आजची रात्र पुरायची नाही.