एडिटरमध्ये नव्या टेबलांची नावे सुचवली जात नाहीत, काय करावे?

निपाणीतील पतसंस्थेच्या कामासाठी व्हीएस कोड या एडिटरमध्ये एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीच्या क्वेरी (माहिती मागवणाऱ्या आज्ञा) लिहिताना नव्या टेबलांची नावे सुचवली जात नाहीत, असे आपण विचारले आहे.

सिलेक्ट, व्हेअर असे शब्द एडिटरला कनेक्शनविनाही ठाऊक असतात. टेबलांची नावे मात्र तो जोडणी झाल्यावर सर्व्हरकडून वाचून साठवून ठेवतो, त्यामुळे नंतर तयार केलेले टेबल त्याला दिसत नाही. म्हणून फाइल योग्य डेटाबेसशी जोडलेली आहे ना (पुष्कळदा ती नकळत ‘मास्टर’ या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसशी जोडलेली असते) हे आधी पाहावे आणि मग कंट्रोल, शिफ्ट व पी दाबून कमांड पॅलेटमधून इंटेलिसेन्स कॅश (सूचनांसाठी साठवलेली नावे) रिफ्रेश करावा. कॉलमांसाठी मी फ्रॉमचा (टेबलाचे नाव सांगणारा) भाग आधी लिहितो, कारण टेबल कोणते हे कळल्याशिवाय नेमके कॉलम सुचवता येत नाहीत.

आपल्या सीमाभागात सभासदांची नावे मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत ठेवावी लागतात, आणि तेथे या सूचनांवर विसंबून चालत नाही: कॉलम एनव्हारचार (कोणतीही लिपी साठवू शकणारा प्रकार) असला, तरी अवतरणचिन्हाआधी मोठा ‘एन’ राहून गेल्यास नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरे साठवण्याच्या व क्रम लावण्याच्या नियमांत) ‘पाटील’च्या जागी निव्वळ प्रश्नचिन्हे साठवली जातात.