नोटपॅड प्लस प्लसची मेनूची पट्टी गायब झाली आहे, परत कशी आणू?

तुम्ही लिहिलंय की फाईल, एडिट वगैरे मेनूची पट्टी दिसेनाशी झाली, ऑल्ट दाबलं की क्षणभर येते आणि पुन्हा जाते, आणि दोनदा अनइन्स्टॉल करूनही फरक पडला नाही. तिसऱ्यांदा इन्स्टॉल करू नका. तुमचं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, फक्त एक सेटिंग बदलली गेली आहे.

ऑल्टने पट्टी येते म्हणजे प्रेफरन्सेसमधलं 'मेनूबार लपवा' चालू झालंय. ऑल्ट किंवा एफ१० दाबा, पट्टी दिसताच सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, जनरल असं जा आणि त्या पर्यायापुढची खूण काढा. बहुधा एवढ्यानेच काम होईल.

हाच प्रश्न घेऊन इथे येणाऱ्या इतरांसाठी: पट्टीबरोबर विंडोजचा टास्कबारही झाकला गेला असेल तर चुकून एफ११ दाबलं गेलंय, म्हणजे फुल स्क्रीन. टास्कबार दिसतोय, पण खिडकीच्या वरची नावाची पट्टीसुद्धा नसेल तर ते एफ१२, म्हणजे पोस्ट-इट, चिकटचिठ्ठीसारखी नुसता मजकूर दाखवणारी खिडकी. तेच बटण पुन्हा दाबलं की सगळं जागेवर येतं. बॅकस्पेसच्या आसपासची ही बटणं टाईप करताना सहज दाबली जातात.

आता इन्स्टॉल करूनही फरक का पडला नाही ते सांगतो. सेटिंग्ज प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नसतात. त्या तुमच्या युजरच्या अॅपडेटा, रोमिंग, नोटपॅड प्लस प्लस या फोल्डरात 'कॉन्फिग' नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये असतात. प्रोग्रॅम काढताना त्या ठेवल्या गेल्या, तर नवा प्रोग्रॅम तीच फाईल वाचतो आणि पट्टी पुन्हा लपलेलीच.

प्रेफरन्सेस उघडतच नसेल तर ही फाईल हाताने दुरुस्त करता येते. तिच्यात 'मेनूबार' नावाची ओळ शोधा आणि 'हाईड'च्या जागी 'शो' लिहा. मात्र हे नोटपॅड प्लस प्लस पूर्ण बंद करून विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये करा. कारण बंद होताना नोटपॅड प्लस प्लस ही फाईल स्वतः नव्याने लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो.

आणि एक कळकळीची विनंती. "तो अख्खा फोल्डरच उडवा, सगळं नव्यासारखं होईल" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मी तो ऐकला होता. सेव्ह न करता उघडे ठेवलेले 'न्यू १', 'न्यू २' असे टॅब दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे दिसतात ना, तो मजकूर त्याच फोल्डरातल्या 'बॅकअप'मध्ये साठलेला असतो. माझ्या एका टॅबमध्ये मावशीकडून ऐकून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. पट्टी परत आली, ओव्या गेल्या. त्यातल्या निम्म्याच तिला पुन्हा आठवल्या.

म्हणून काहीही करण्याआधी उघडे टॅब नाव देऊन सेव्ह करा. पट्टी नसली तरी कंट्रोल आणि एस चालतं. मग तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. एवढं करूनही पट्टी आली नाही, तर फक्त कॉन्फिग फाईलचं नाव बदला आणि प्रोग्रॅम उघडा, तो नवी फाईल तयार करेल. रंग, फॉन्ट वगैरे पुन्हा लावावे लागतील, पण मजकुराला धक्का लागणार नाही.