खानापूर तालुक्यातल्या शाळेत निसर्ग आणि कलेची कार्यशाळा कशी घ्यावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तुम्ही शिकवता. दर 5 जूनला, पर्यावरण दिनी, 'झाडे लावा, झाडे जगवा'ची चित्रकला स्पर्धा होते, बक्षिसं वाटली जातात आणि विषय तिथंच संपतो. यंदा मुलं आणि गावातल्या बायका मिळून काहीतरी वेगळं करावं असं मनात आहे. पण तुम्हाला स्वतःला चित्र काढता येत नाही, हाताशी पैसे नाहीत, आणि एवढं करून उपयोग होतो का ही शंकाही आहे.

जमेल. चित्र न येणं ही अडचणच नाही. मी बेळगावात चित्रकला शिकवतो आणि बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी जांबोटी, नंदगड, लोंढा या बाजूच्या शाळांतून अशा कार्यशाळा घेत आलोय. त्यातून एक मत पक्कं झालंय. कार्यशाळेला लागणारं सामान आणि लागणारं ज्ञान, दोन्ही त्या गावातूनच आलं पाहिजे. रंग बाहेरचे, विषय बाहेरचा आणि शिकवणाराही बाहेरचा असला, की मुलं त्या पाहुण्याला आवडेल तेच काढून देतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला नारळाचं झाड. तेच मूल रोज भाताच्या बांधावरून शाळेला येतं. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीच्या गोळ्या दिसल्या की आत खेकडा आहे, हे त्याला लांबून कळतं. ते त्याच्या चित्रात येत नाही, कारण ते कुणी त्याच्याकडं मागितलेलंच नसतं. तुम्ही मागा. तुमचं काम तेवढंच आहे, आणि त्याला चित्रकलेची परीक्षा लागत नाही.

सुरुवात मातीच्या रंगांनी करा. फुकटात होतं आणि पहिल्याच दिवशी मुलांचा विश्वास बसतो. प्रत्येकाला ओंजळभर माती आणायला सांगा, पण कुठली ते नेमकं ठरवून द्या: भाताच्या शेतातली, ओढ्याकाठची, वारुळाची, विहीर खणताना वर आलेली, जांभ्या दगडाचा भुगा. बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडं कुणाचे पाहुणे असले तर तिकडची काळी माती पिशवीभर मागवून घ्या. माती उन्हात खडखडीत वाळवायची, दगडानं कुटायची, जुन्या ओढणीतून चाळायची. मग बादलीत पाणी घेऊन त्यात ढवळायची आणि मिनिटभर थांबायचं. वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं निवळ पाणी टाकून दिलं की खाली लोण्यासारखा गाळ उरतो, तोच रंग. बाभळीचा डिंक आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला असावा, तो गाळून थोडा थोडा मिसळायचा. किती, ते कागदच सांगतो. वाळल्यावर बोट फिरवून भुकटी निघाली तर डिंक कमी पडला. रंग चकाकून त्याचे पापुद्रे सुटायला लागले तर जास्त झाला. ब्रश नसला तर काडीचं टोक ठेचून घ्या. पोरांना बोटंसुद्धा पुरतात.

आता यातली गंमत बघा. काळ्या मातीचा रंग जाड लावला की वाळताना कागदावर बारीक भेगा पडतात. शेजारी तांबड्या मातीचा तसाच थर गुळगुळीत राहतो. मुलं विचारतातच, असं का? काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिकडच्या रानात उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात. आपल्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात लाखो वर्षं धो धो पाऊस पडला, मातीतलं बरंच काही विरघळून वाहून गेलं आणि लोह मागं राहिलं. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाच्या गंजाचा. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला जंगल आणि भात, अथणीच्या बाजूला पावसाची वाट बघणारा कोरडा मुलूख. भूगोलाच्या पुस्तकात हे एका नकाशात असतं. इथं ते पोरांच्या बोटांना लागलेलं असतं.

माती वाळेपर्यंतचा वेळ रिकामा जाऊ देऊ नका. गावातल्या एखाद्या आजीला बोलवा. पूर्वी भिंतीला कुठली माती लावत, ती कुठून आणत, शेण किती, मळायची कशी, हे ती सांगेल आणि करूनही दाखवेल. अशा वेळी मी बाजूला बसतो. मुलांनी आपल्या गावातल्या म्हातारीला शिक्षक म्हणून बघणं ही माझ्या मते कार्यशाळेतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

दुसरं काम बेंदराच्या सुमारास घ्या. आपल्याकडं कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला येतो, आणि पुढं अमावास्येला कन्नड घरांतून मातीचे बैल पुजतात, मण्णेत्तिन अमावास्ये. म्हणजे शाळा सुरू झाल्या झाल्या मातीकामाला गावाचाच मुहूर्त मिळतो. पण नुसते बैल करायला लावू नका. आता बऱ्याच घरांत पॉवर टिलर आलाय, गोठे ओस पडलेत, आणि पोरं कॅलेंडरवरचा बैल आठवून करतात. ज्यांच्याकडं अजून जोडी आहे त्यांच्या गोठ्यात घेऊन जा. बैलाला हात लावू द्या. वशिंड कुठं सुरू होतं, गळ्याखालची पोळी कशी लोंबते, खूर कसा दुभंगलेला असतो, कानाच्या मागं किती ऊबदार लागतं. मग माती हातात द्या. त्यानंतर झालेले बैल तुम्ही ओळी लावून ठेवले तर गावकरी 'हा अमक्याचा' म्हणून ओळखतील. बैल काय खातो, शेणाचं काय होतं, टिलरचं डिझेल कुठून येतं, हे बोलणं मग आपसूक निघतं. मातीसाठी लांब जायला नको, खानापूर तर कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी ओळखलं जाणारं गाव. खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय कुंभारकाम संस्था तिथंच आहे. जवळच्या कुंभाराला मानधन देऊन बोलवा. मानधन द्याच, फुकट बोलावू नका; नाही जमलं तर भाताचं पोतं द्या, पण त्याच्या कलेची किंमत मुलांना दिसली पाहिजे.

एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सांगतो, कारण ती अशा कार्यक्रमांत बहुतेक वेळा गाळली जाते. निसर्ग म्हणजे फक्त फुलपाखरं आणि धबधबे नव्हेत. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं. त्याच्या आसपासच्या गावांतलं पोर तुमच्या वर्गात असेल तर त्याच्या घरी गवा हा रात्रीचा विषय असतो. हातातोंडाशी आलेलं भात किंवा ऊस एका रात्रीत तुडवला जातो. वडील शेतातल्या माळ्यावर जागत बसतात, डबे वाजवतात. तिकडच्या एका शाळेत एका मुलानं मातीच्या रंगात गवा काढला तो अख्ख्या शेतापेक्षा मोठा, आणि माळ्यावरचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा. वर्गातल्या कुणालाच ते चूक वाटलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की रात्री तसंच दिसतं. असं चित्र येऊ द्या. त्याला 'पण गवा बिचारा' असं लगेच शिकवू नका.

त्याच्यापुढं जायचं तर मुखवटे करा. रद्दी वर्तमानपत्र, मैद्याची खळ, आकाराला खाली पालथं मडकं. गवा, रानडुक्कर, शेतकरी, वनरक्षक, ऊस, ओढा. दोन दिवस वाळवा, मातीच्याच रंगांनी रंगवा, आणि मग मुखवटा घालून प्रत्येकानं आपली बाजू बोलायची. शेतकऱ्याच्या पोराला गव्याचा मुखवटा द्या. तो सुरुवातीला बोलत नाही, नुसता उभा राहतो. मग 'उन्हाळ्यात वर पाणी नाही', 'ऊस जंगलाला येऊन भिडलाय, आम्ही जायचं कुठून' असं त्याचं तोच बोलायला लागतो. शेवटी मांडवली करायची घाई नको. शेजारच्या उत्तर कन्नडात शिरसीजवळ साळकणीला 1983 मध्ये लोकांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली, ते अप्पिको आंदोलन. ते गावोगाव पोचलं त्यात पदयात्रांबरोबर पथनाट्यांचा आणि लोककलांचा मोठा हात होता. आपल्या भागात कलेचा असा उपयोग नवा नाही, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा.

बायकांसाठी मी जुनी सुती साडी वापरतो. फिक्या रंगाची, काठ निघालेली. ती ओसरीत लांब पसरायची आणि मधून मलप्रभा काढायची. कणकुंबीला उगम, खानापूर, आणि साडीच्या दुसऱ्या टोकाला कूडलसंगम, जिथं ती 304 किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते. एरवी 'आम्हांला काय येतंय चित्र' म्हणणाऱ्या बायका रांगोळी घालतात, त्यामुळं रेषा त्यांच्या हातात असतेच. मग ज्या त्या आपली जागा भरत जातात: धुणं कुठं धुतो, म्हशी कुठं डुंबतात, गणपती कुठं पोचवतो, पूर्वी कुठल्या डोहात मासे असायचे, आता मोटर कुठं बसलीय. 2019 च्या ऑगस्टमधला पूर कुठवर आला ती रेघ काढायला सांगा. त्या रेघेवर बराच वाद होतो, पायऱ्या मोजल्या जातात, कुणाची भिंत पडली ते निघतं, आणि तोपर्यंत सगळ्याजणी साडीवर वाकलेल्या असतात. काहीजणींना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांना नदीवर नवी ओवी रचायला सांगा. दोन ओळी चटकन जुळवतात, त्या साडीच्या काठावर लिहून टाका.

याच तालुक्यातून म्हादईसुद्धा निघते, ती पश्चिमेला गोव्याकडं जाते. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना. त्यामुळं कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायच्या प्रकल्पाचा, विषय कुणीतरी काढणारच. म्हादई पाणीवाटप लवादाचा 2018 चा निवाडा, गोव्याचं म्हणणं, हुबळी-धारवाडची तहान, हे सगळं लोकांना माहीत असतं. मी तो विषय टाळत नाही आणि निकालही देत नाही. ज्यानं त्यानं आपल्या झऱ्याला, आपल्या विहिरीला वर्षभरात कधी किती पाणी असतं ते साडीवर दाखवावं. तेवढं दाखवून झालं की बोलण्याला आपोआप वजन येतं.

उपयोगाचं विचारलंत. एका कार्यशाळेनं जंगल वाचत नाही, तसं मी कुणाला सांगत नाही. पण ब्रिटनमधल्या डर्बी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेला निष्कर्ष मला माझ्या अनुभवाशी जुळणारा वाटतो. माणसाचं निसर्गाशी नातं वाढतं ते इंद्रियांनी जवळ जाण्यातून, भावनेतून, सौंदर्यातून, अर्थ लागण्यातून आणि करुणेतून. नुसती नावं आणि माहिती पाठ केल्यानं ते तसं वाढत नाही. आपली स्पर्धा आणि परिसर अभ्यासाचा धडा बहुतेक माहितीवरच थांबतात. मात्र आपल्या गावात माहिती पुस्तकातली नसते, कामातली असते, म्हणून मी ती बाहेर ठेवत नाही. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो हे आपल्या पोरांना माहीत असतंच. ते कागदावर चोळायला लावा, रंगही मिळाला आणि सागाची ओळखही झाली.

बाकी व्यवस्थेचं पटकन सांगतो. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत विषय आधी मांडा, पालक बरोबर राहतात. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते. पण त्याची गरज नाही, शाळेमागची राई आणि ओढा पुरतो. देवराई असेल तर पुजाऱ्यांना विचारूनच आत जा. पानं-फुलं गळलेलीच घ्यायची, तोडायची नाहीत. बिब्ब्याला आणि खाजकुइलीला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी झाड दाखवून सांगा, बिब्ब्याच्या चिकानं कातडी भाजल्यासारखी होते. झाडाची साल कागदाखाली ठेवून खडू घासायचा खेळ लहानांना आवडतो, ऐनाची मगरीसारखी साल त्याला उत्तम. नलिकलीच्या, म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीच्या, वर्गातली लहान पोरं जमिनीवर गटानं बसायला सरावलेली असतात, त्यांना बाकं लावू नका. आणि नंबर काढू नका. पहिला-दुसरा आला की पोरं शेजाऱ्याच्या कागदाकडं बघायला लागतात आणि बैलाकडं बघायचं थांबतात.

तयार झालेल्या गोष्टी शाळेच्या कपाटात ठेवू नका. साडी पंचायतीच्या कट्ट्यावर नाहीतर देवळाच्या सभामंडपात टांगा, कोळसा दोरीला बांधून ठेवा, म्हणजे येणारा-जाणारा त्यात आपलं काही भरेल. पुढच्या पावसानंतर तीच साडी परत पसरा आणि काय बदललं ते वेगळ्या मातीनं दाखवा.

तुम्हाला 5 जूनपासून सुरुवात करायची असेल तर माती मेमध्येच, वळीव लागायच्या आत गोळा करा. एकदा पाऊस धरला की आपल्या बाजूला दिवाळीपर्यंत माती नीट वाळत नाही. डिंक बेळगावात किराणा दुकानात मिळतो, पावशेर आणलात तर एका वर्गाला पुरून उरेल.