आयसोलेशन आणि मधातले अंतर

यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचकाने विचारले आहे की, कपाशीच्या बीजोत्पादनाचा कागद, गुरांच्या दवाखान्यातून मिळालेली सूचना आणि गावातील वायरमनचे बोलणे या तिन्ही ठिकाणी त्यांना ‘आयसोलेशन’ हा एकच शब्द भेटला. 2020 च्या साथीपासून त्याला ‘विलगीकरण’ म्हणण्याची सवय झाली आहे, तर मग हाच शब्द तिन्हीकडे वापरावा काय?

माझ्या मते वापरू नये. इंग्रजी शब्दाच्या पोटात एक बेट आहे. लॅटिनमध्ये बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात, त्याचे इटालियनमध्ये ‘इसोला’ झाले आणि फ्रेंचमार्गे तो शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत उतरला. त्याच लॅटिन मुळापासून विजेच्या खांबावरचा ‘इन्सुलेटर’ आला आणि स्वादुपिंडातील पेशींच्या बेटांवरून ‘इन्सुलिन’ हे नावही आले. चहूकडून तोडलेली जमीन हे एकच चित्र डोळ्यांपुढे असल्यामुळे इंग्रजीला सगळीकडे तोच शब्द पुरतो. आपल्याकडे मात्र बांबूचेही ‘बेट’ असते आणि त्यात पन्नास कळक एकमेकांना इतके खेटून उभे असतात की, मधून कुत्रेही जाणार नाही. म्हणून बेटाचे चित्र मराठीत जसेच्या तसे चालत नाही. मराठी आधी विचारते की, कोणाला, कोणापासून आणि कशासाठी वेगळे करायचे आहे, आणि त्याप्रमाणे क्रियापद निवडते.

बीजोत्पादनाचेच पाहा. तेथे काहीही उचलून दुसरीकडे न्यायचे नसते, फक्त अंतर सोडायचे असते. कपाशीच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचे पायाभूत बियाणे (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणे तयार करतात ते) घ्यायचे असेल तर दुसऱ्या कपाशीपासून 50 मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी 30 मीटर अंतर लागते. सोयाबीनला मात्र 3 मीटर पुरतात. एवढ्या तफावतीचे कारण फुलात आहे. कपाशीचा पराग जड आणि चिकट असल्यामुळे तो वाऱ्याने फारसा जात नाही, पण मधमाश्या तो या पऱ्हाटीवरून त्या पऱ्हाटीवर नेतात. सोयाबीनचे फूल उमलण्यापूर्वीच बहुधा आपल्याच परागाने फळते, त्यामुळे तेथील 3 मीटर हे मुख्यतः पेरणीत आणि कापणीत दाण्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून असतात. म्हणजे बीजोत्पादनाच्या कागदावरच्या एकाच शब्दाचे कपाशीत ‘संकर टाळणे’ आणि सोयाबीनमध्ये ‘भेसळ टाळणे’ असे दोन अर्थ होतात.

आमच्या शेतात एका वर्षी तपासणीला आलेल्या माणसाने धुऱ्यावर टेप धरला, तेव्हा शेजाऱ्याच्या कपाशीच्या पहिल्या ओळीपर्यंत 26 मीटर भरले. त्या चार मीटरांसाठी आमच्याकडच्या पट्ट्यातील झाडे क्षेत्रातून वगळावी लागली. त्या दिवशी ‘विलगीकरण’ हा शब्द कोणाच्याही तोंडी आला नाही. शेजारी म्हणाला, “मधात अंतर कमी पडलं, भाऊ,” आणि माझ्या मते मराठीतली नेमकी संज्ञा तीच होती. कागदावर ‘विलगीकरण अंतर’ असे रूढ झाले आहे, त्याला माझी हरकत नाही. पण ‘अंतर’ हा शब्द गाळून नुसते ‘विलगीकरण करावे’ असे लिहिले, तर शेतकऱ्याने झाडे उपटून न्यावीत असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

गुरांच्या बाबतीत मात्र ‘विलगीकरण’ बरोबर बसते, कारण कळपातून एक जनावर खरोखरच बाहेर काढावे लागते. लम्पी किंवा लाळ्या-खुरकूत झालेले जनावर ‘बाजूला बांधणे’ हे आपण म्हणतोच. येथे एक भेद जपण्यासारखा आहे. आजारी जनावर निरोग्यांपासून दूर ठेवणे म्हणजे आयसोलेशन. बाजारातून नवे आणलेले, वरवर धडधाकट जनावर रोग नसल्याची खात्री होईपर्यंत वेगळे ठेवणे म्हणजे क्वारंटाईन. हा दुसरा शब्द इटालियन भाषेतील ‘चाळीस’वरून आला, कारण बंदरात आलेल्या जहाजांना तेवढे दिवस थांबवून ठेवीत. 2020 मध्ये मराठीत दोघांनाही सर्रास ‘विलगीकरण’ म्हटले गेले आणि आजारी कोण, संशयित कोण, हे वाचकाला शब्दावरून कळेनासे झाले. क्वारंटाईनसाठी ‘अलगीकरण’ हा शब्द काही ठिकाणी वापरला गेला, तो टिकायला हवा होता.

माणसांच्या बाबतीत हा शब्द आणखी जड होतो. 1898 च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना समाजापासून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. त्याला ‘विलगीकरण’ म्हटले तर ती वैद्यकीय काळजी वाटते, परंतु त्यात बहिष्काराचाच अंश अधिक होता. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याजवळचे आनंदवन या वसाहतींना ‘आयसोलेशन’चे ठिकाण म्हणवत नाही, कारण तेथे वेगळे राहणे असले तरी काम आणि शेती असलेले गाव उभे राहिले.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. ‘आयसोलेटर’ म्हणजे भार नसताना उघडून लाइन तोडण्याची आणि ती तुटली आहे हे डोळ्यांना दाखवण्याची व्यवस्था. चालू भारावर ती उघडली तर ठिणगीचा लोळ उठतो. येथे ‘पुरवठा तोडणे’ पुरेसे आहे. चिनी मातीचा इन्सुलेटर ही वेगळी वस्तू आहे, तो विद्युतरोधक.

हवामानाच्या अंदाजात तर ‘विलग’ शब्द पूर्ण हास्यास्पद ठरेल. विदर्भात ‘आयसोलेटेड’ पाऊस म्हणजे चौथ्या हिश्शापर्यंतच्या पर्जन्यमापक केंद्रांवर नोंदला जाणारा पाऊस, आणि त्यासाठी ‘तुरळक ठिकाणी’ हा नेमका शब्दप्रयोग मराठीत आधीपासून आहे.

राहिला मनाचा अर्थ. लादलेल्या तुटलेपणाला ‘एकाकीपणा’ आणि आपण होऊन स्वीकारलेल्या वेगळेपणाला ‘एकांत’ हे दोन शब्द आपल्याकडे आहेत, इंग्रजी शब्द मात्र सहसा पहिल्याकडेच झुकतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या एकट्या भ्रमणाच्या भागाला ‘एकांक’ म्हटले आहे, आणि त्या एकटेपणात तुटलेपणाची व्यथा नाही.

तेव्हा आपण बीजोत्पादनाच्या कागदावर ‘विलगीकरण अंतर’ ठेवावे, गुरांसाठी ‘विलगीकरण’ किंवा ‘बाजूला बांधणे’ आणि विजेसाठी ‘पुरवठा तोडणे’ लिहावे. घरी कपाशीच्या पेरणीपूर्वी सांगायचे असेल, तर “मधात तीस मीटर सोडा” एवढेच सांगावे आणि टेप सोबत न्यावा.