पहिल्यांदा माईक हातात घेण्याआधी

भाऊ, पारोळ्याच्या शेतकरी मेळाव्यात कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या बोंडअळीवर बोलायचं ठरल्यापासून तुला झोप नाही, असं म्हणालास. हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. शरीर धोका समजून अ‍ॅड्रेनलिन सोडतं, म्हणून छातीत धडधडतं. बहुतेकांना ते सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच सगळ्यात जास्त जाणवतं, मग ओसरत जातं.

म्हणून तेवढीच मिनिटं पक्की कर. पहिली चार वाक्यं तोंडपाठ हवीत. बाकीचं पाठ करू नकोस. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात फक्त मुद्दे लिही. सराव मनातल्या मनात नको. कपाशीच्या बांधावर उभा राहून मोठ्याने बोल. माझ्या पहिल्या भाषणाआधी मी आठ दिवस रोज विहिरीपाशी बोलायचो. पाय तरीही लटपटले, पण शब्द आले.

नाव पुकारण्याआधी चार अंकांत श्वास घे, सहा अंकांत सोड. सोडणं लांबलं की ठोके मंदावतात. त्या सकाळी चहा एकच कप पी.

आणि सुरुवात अहिराणीतच कर. "राम राम, कसा शेतस?" म्हटलं की समोरून उत्तर येतंच, आणि एकदा उत्तर आलं की ते भाषण राहत नाही, पारावरच्या गप्पा होतात. मग तुझ्या शेतातल्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या सापळ्यात, बोंडअळीचे किती पतंग सापडले, तिथूनच विषयाला हात घाल. ते तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मी पहिल्या रांगेत बसतो, अडलास तर माझ्याकडे बघ.