लिंकरच्या चाचण्यांना एलटीओ प्लगइन खात्रीने कसा सापडेल?

तुमचा प्रश्न असा, की एकाच स्क्रिप्टने लिंकरच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या) चाचण्या चालवल्या तर एका मशिनवर एलटीओच्या, म्हणजे लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनच्या, चाचण्या होतात, दुसऱ्यावर गुपचूप गळतात. एलटीओसाठी लिंकरला कंपायलरची एक जोड-फाइल लागते, तोच प्लगइन. मग त्याचा पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, घ्यायचा कुठून?

पाथ स्क्रिप्टमध्ये लिहूच नका. कंपायलरला विचारा.

बेळगावात अनगोळच्या घरून मी हेच काम करतो. उबुंटू २२.०४ वर जीसीसी ११ या कंपायलरचा प्लगइन 'लिब' फोल्डरखाली होता. २४.०४ वर जीसीसी १३ आला आणि प्लगइन 'लिबएक्झेक'मध्ये गेला. स्क्रिप्टला जुनाच पत्ता पाठ. 'मेक चेक' ही चाचण्यांची कमांड चालवली की फेल शून्य, म्हणून मी निर्धास्त. खालची 'अनसपोर्टेड'ची, म्हणजे न चालवता सोडलेल्या चाचण्यांची, ओळ तीन आठवडे वाचलीच नाही. त्या काळात पाठवलेल्या दोन पॅचची (कोडमधल्या बदलांची) एलटीओची बाजू तपासलीच गेली नव्हती, हे मला अजून लागतं.

जीसीसीला दोन प्रकारे विचारता येतं: '-प्रिंट-प्रोग-नेम' आणि '-प्रिंट-फाइल-नेम'. पहिला प्रोग्रॅमच्या जागा धुंडाळतो, त्यात लिबएक्झेकही आलं, दुसरा लायब्ररींच्या. म्हणून आधी पहिला, हाती काही लागलं नाही तरच दुसरा. लिंकर ज्यात येतो त्या बिनयूटिल्स पॅकेजची कॉन्फिगर स्क्रिप्टसुद्धा याच क्रमाने जाते.

खरी गोम इथे आहे. फाइल सापडली नाही तरी जीसीसी एरर देत नाही. तुम्ही दिलेलं नावच जसंच्या तसं छापतो, एक्झिट कोडही ०, म्हणजे 'सगळं ठीक'. खडेबाजारात कुणाला 'गणपत गल्ली कुठं?' म्हणून विचारावं आणि त्यानं 'गणपत गल्ली' एवढंच म्हणून पुढं जावं, तसं. तेव्हा आलेलं उत्तर विचारलेल्या नावाशी ताडून बघा. दोन्ही एकच असतील तर प्लगइन मिळालेला नाही. वेगळं असेल तर फाइल खरंच तिथं आहे का ते तपासा, मगच लिंकरच्या '--प्लगइन'ला द्या.

आणि विचारायचं ते चाचण्या ज्याने कंपाइल होणार आहेत त्याच कंपायलरला. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा प्लगइन वेगळा, एलएलव्हीएमगोल्ड नावाचा. शिवाय प्लगइन लिंकरच्याच प्रोसेसमध्ये लोड होतो, त्यामुळे ३२ बिटच्या लिंकरला ६४ बिटचा चालत नाही.

तरी शंका उरली तर '-व्ही' लावून एखादी छोटी फाइल लिंक करा. कलेक्ट२ च्या (जीसीसी ज्याच्यामार्फत लिंकर चालवतो त्या प्रोग्रॅमच्या) लांबलचक ओळीत '-प्लगइन'च्या पुढे जीसीसी स्वतः वापरतो तो पाथ दिसेल. माझी स्क्रिप्ट आता सुरुवातीलाच हा पाथ छापते, आणि तो मिळाला नाही तर एकही चाचणी न चालवता एक्झिट १ ने थांबते.